मुठीवरचा उंचवटा

"...आणि हे कुणाला विचारून केलंस?"

"कुणालाच नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

महंत भवानगीर यांनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

डोंगराच्या सोंडेवर गोसाव्यांचा एक मठ होता. तिथे धनुर्विद्या शिकवत. धनुष्य मात्र एकच. धामणीच्या लाकडाचं, मठाचे मूळपुरुष संतोषगीर यांच्या हातचं. त्याच्या मुठीवर, बरोबर तळहाताच्या मधोमध येईल असा, सुपारीएवढा उंचवटा होता. जो कुणी धनुष्य ओढी त्याच्या हातात तो रुते. आधी फोड येई, मग जखम होई, मग घट्टा पडे. त्या घट्ट्याला मठात 'गुरुखूण' म्हणत.

ज्याचा घट्टा मोठा त्याचा पाट पंगतीत वर.

थोरले शिष्य चंदनभारती यांचा घट्टा एवढा थोर होता की त्यांची मूठ पुरती मिटत नसे. त्यामुळे नेमही लागत नसे. पण ती चौकशी कुणी करत नसे.

केवलपुरी डावखुरे. ते धनुष्य उजव्या हातात धरत, म्हणून फोड आला तो भलत्याच हाताला. मठाने पुष्कळ विचार केला आणि त्यांना भाकऱ्या भाजायला बसवलं.

आता हा हैबत. देशमुखाचा मुलगा. "तिरंदाज होऊन येईन, नाही तर तोंड दाखवणार नाही" असं बापाला ऐकवून निघालेला. काल दुपारी सगळा मठ वामकुक्षीत असताना त्याने कानस घेतली, तो उंचवटा साफ उडवला आणि वर आपल्या अंगठ्यापुरती एक खाचही पाडली.

सकाळी त्याचं घोंगडं आणि तांब्या दाराबाहेर काढून ठेवण्यात आले. महाराजांनी 'जा' म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"महाराज, तो मूळपुरुषांच्या हाताचा ठसा होता," चंदनभारती म्हणाले.

"ठसा खोलगट असतो," हैबत म्हणाला. "हा वर आलेला होता."

"ऐकलंत? ऐकलंत याचं बोलणं?"

"ऐकतोय," महाराज म्हणाले. "अजून बहिरा झालो नाही."

"आम्ही सगळ्यांनी सोसलं. रक्त सांडलं. याचाच हात काय तो लोण्याचा!"

"दुखलं की मूठ ढिली पडते. मूठ ढिली पडली की बाण चुकतो," हैबत म्हणाला. "धनुष्य बाण मारायला आहे की हात फोडायला? हातच फोडून घ्यायचा तर बाहेर दगड आहेत. पुष्कळ आहेत."

"बाहेर तुझं घोंगडंही आहे," चंदनभारती म्हणाले.

"बघितलं. घडी छान घातलीत."

मागे कुणीतरी खोकलं. खोकला थोडा हसरा होता.

महाराजांनी हात पुढे केला.

"आण इकडे."

हैबतने धनुष्य दिलं. महाराजांनी तासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा वर, एकदा खाली. मग उभे राहिले, मूठ डाव्या हातात धरली आणि दोरी कानापर्यंत ओढली...

मूठ त्यांच्या हातात फिरली. त्यांनी दोरी सावकाश सोडत आणली.

"आता मला दुखतं," ते म्हणाले.

चंदनभारतींनी दाराकडे पाहिलं. हैबतनेही पाहिलं. घोंगडं तिथून दिसत होतं. परतायला घर नव्हतं.

"मग दुखू द्या, महाराज," तो म्हणाला. "आम्हांला दुखत होतं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"अरे, जीभ आवर!" चंदनभारती ओरडले.

"आवरत नाही. घोंगडं बाहेर गेलंच आहे. आता जीभ आत ठेवून काय करू?"

...

महाराजांनी धनुष्य खाली ठेवलं. मग डावा हात वर केला आणि पंजा उघडून सगळ्यांसमोर धरला.

तळहाताच्या मधोमध मांस नव्हतं. तिथे खळगा होता. सुपारी बसेल एवढा.

"अस्वलाने नेलं," ते म्हणाले. "तुमच्या कुणाच्या आधीची गोष्ट. मग मूठ हातात बसेना, पोकळ लागायची. लाकडाची ढलपी घेतली, लाखेने चिकटवली, घासून गोल केली. झकास बसली."

"...कुणी चिकटवली?"

"मी."

"मग मूळपुरुषांच्या वेळी?"

"त्यांच्या वेळी मूठ सपाट होती."

चंदनभारती आपल्या घट्ट्याकडे बघत राहिले. तो आता नुसता घट्टा होता.

"सांगितलं का नाहीत, महाराज?" त्यांनी अखेर विचारलं.

"पहिला जो आला, त्याला सांगणार होतो. पण तो फोड दाखवायला आला होता. इतका खुशीत होता..."

"पण आमच्या कसं लक्षात आलं नाही? रोज दर्शन घेतो आम्ही तुमचं."

"पायांचं घेता."

यावर सुचलं ते हैबतला.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मग घोंगडं आत आणतो."

"आण."

त्याने आणलं. चंदनभारतींच्या समोरून जाताना ते नीट झटकलं. धूळ सगळ्यांना सारखी मिळाली.

"कानस कुठाय?" महाराजांनी विचारलं.

हैबतने कमरेची कानस काढून दिली. भिंतीवर धनुष्याची खुंटी होती. महाराजांनी तिच्यावर धनुष्य टांगलं, शेजारच्या खुंटीवर कानस टांगली आणि जागेवर येऊन बसले.

बोलायला हैबत होता. त्याने धनुष्य पुन्हा खाली काढलं आणि एकेकाच्या हातात दिलं. "हं, अंगठा इथे. असा. खाचेत बसला पाहिजे. बघा, आता काही बोचतं? आता या मुठीला कुणी काही करायची गरजच नाही."

सगळे छान म्हणाले. चंदनभारतींच्या हातात घट्टा आड येऊन धनुष्य फिरलं, तरी तेही छान म्हणाले. त्यांना सवय होती.

आतून केवलपुरी आले. हाताचं पीठ धोतराला पुसलं, कुणाकडे न बघता धनुष्य घेतलं आणि उजव्या हातात धरलं. अंगठ्याची खाच त्यांच्या बोटांखाली आली. त्यांनी मूठ फिरवली, पुन्हा धरली, पुन्हा फिरवली...

मग खुंटीवरची कानस काढली, उंबऱ्यावर बसले, धनुष्य मांडीवर आडवं घेतलं.

खर्र... खर्र...

"अहो! अहो केवलपुरी! काय चालवलंय?" हैबत धावला.

"मला बोचतंय."

"बोचायचं कारणच नाही. मूठ आता बरोबर झालीय. तुम्ही हात बदला."

"बदलता आला नाही, म्हणूनच भाकऱ्या पदरी पडल्या."

"पण खाच बुजेल ना ती! आणि जो तो असा घासायला लागला तर मुठीचं उरेल काय?"

"माझ्यापुरती उरेल."

"पण हे कुणाला विचारून करताय?" हैबत ओरडला.

कानस थांबली.

चंदनभारतींनी एकदम वर पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना हैबत आवडला होता.

"महाराज, तुम्ही तरी सांगा यांना," हैबत म्हणाला. "एवढी नीट बसलेली मूठ. आता तिला हात लावू नये कुणी."

...

महाराज उठले. भिंतीशी मूळपुरुषांच्या पादुका होत्या, त्यांवर कालचा झेंडूचा हार होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, हैबतपाशी आले आणि त्याच्या गळ्यात घातला. गाठ मागे गेली होती, ती पुढे घेतली. एक सुकलेली पाकळी त्याच्या खांद्यावर पडली होती, तीही उचलून टाकली.

मग पादुकांना लावावा तसा, खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

हैबतने हाराला हात लावला. तो हार काढावा की राहू द्यावा हे त्याला कळत नव्हतं. मठात ते कधीच कुणाला कळलेलं नव्हतं.

केवलपुरी उंबऱ्यावर तसेच बसले होते. कानस मुठीवर टेकलेली, मान वर.

महाराज त्यांच्याकडे वळले.

"तू का थांबलास? कानस चालू दे."