शत्रूची तब्येत

मासळीबाजारात मांजरांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. खाडीच्या दोन्ही काठांवर एकेक टोळी होती. अलीकडच्या टोळीचा म्होरक्या मिशाळराव याचा उजवा हात असलेला गेरू बोका एकदा छाती फुगवून म्हणाला, “साहेब, पलीकडच्या कानतुट्याचा आज काटाच काढतो!”

मिशाळरावानं त्याला घाईघाईनं अडवलं. “गाढवा, त्याच्या भीतीनं तर आपली मांजरं मला मासळी देतात! तो मेला तर मला कोण विचारतो? खंगलाय म्हणे तो. हे पापलेट नेऊन दे त्याला.”

गेरू चरफडत निघाला. पुलावर त्याला कानतुट्याचा बोका भेटला. त्याच्याही तोंडात पापलेट होतं, मिशाळरावासाठी.

दोघांनी तिथंच बसून दोन्ही पापलेटं फस्त केली आणि आपापल्या मालकाला जाऊन सांगितलं, “साहेब, शत्रूची तब्येत फारच नाजूक आहे. रोज एक पाठवावं लागेल.”