शाईपरीचा कप

यमूच्या आईचा उजवा हात तापात जो लुळा पडला, तो पडलाच. चिनीमातीच्या पांढऱ्याशुभ्र कपांवर पक्क्या शाईने वेली, मोर नि मासोळ्या रंगवून ती घर चालवायची. आता कप कोरे आणि चूल थंड.

एके दुपारी यमू परसातल्या जास्वंदीखाली डोळे पुसत बसली होती. एवढ्यात एका लालचुटुक फुलातून निळा झगमगाट सांडला. वाकून पाहते तर काय, अंगठ्याएवढी परी! निळे निळे पंख, केसांत चमचमता चांदणचुरा. यमूने आ वासला तो मिटेचना.

"घाबरू नको गं सोनुले, मी शाईपरी," परी म्हणाली आणि तिने एक इवलीशी लेखणी पुढे केली. "कपावर जे काढशील ते खरं होईल. पण एकच कप, एकच चित्र. आणि शाई उन्हात वाळेपर्यंत पाण्याचा थेंबही लागता कामा नये. लागला, तर चित्रही गेलं नि मागणंही गेलं."

यमूने जीव ओतून आईचा हात काढला, बोटांत लेखणी धरलेला. कप उन्हात ठेवून ती राखण करत बसली.

तोच परसातल्या हौदात डुबुक झालं. अगंबाई! शिंजीर पक्ष्याचं पिल्लू! इवलेसे पंख फडफडवत ते बुडू लागलं. यमू हौदावर ओणवी झाली, पण हात थोडक्यासाठी पोचेना. कप धरून पोचला असता. पण कपावर तर ओली शाई! आईचा हात! पिल्लाची चोच पाण्याखाली गेली, तशी तिने कप उचलला आणि बुडवला.

पिल्लू वाचलं. कप मात्र कोरा करकरीत. निळी शाई पाण्यात विरून गेली.

"आई, मी सगळं घालवलं गं!" पिल्लू छातीशी धरून ती घरात हमसून हमसून रडली.

"अगं वेडे, जीव वाचवलास की! आण इकडे, गारठलंय ते," म्हणत आईने हात पुढे केला.

यमू किंचाळलीच. "आई! उजवा!"

आई आपल्याच हाताकडे बघत राहिली. तिने एकेक बोट उघडून मिटून पाहिलं.

खिडकीत शाईपरी हसत होती. "दुसऱ्याच्या जिवासाठी आपलं मागणं सोडलं, तर माझा नियम लागत नाही. हे मात्र मी आधी कुणाला सांगत नाही हं!" निळासोनेरी उजेड घरभर उसळला, आणि परी त्यातच दिसेनाशी झाली.

आईने त्याच कपावर शिंजिराचं पिल्लू काढलं. चोच उघडी, पंख ओले. मग कप उन्हात ठेवून दोघी मायलेकी हौदापासून लांब, त्याची राखण करत बसल्या.