नव्या शाळेतला जुना प्रिंटर

पूर्वी एका शाळेत दुसऱ्या शाळेतून एक जुना प्रिंटर आला. तिथे नेटवर्कवर त्याचा पत्ता पंचवीस नंबर होता. इथेही त्याने तोच लावला. पण इथे पंचवीस नंबर फाटकावरच्या कॅमेऱ्याचा होता. त्यामुळे प्रिंटरला पाठवलेले छपाईचे निरोप कधी कॅमेऱ्याकडे जात, तर कधी वाटेतच हरवत.

"आज हॉलतिकिटं निघाली नाहीत, तर हा भंगारात," कारकून मुळीकबाई वैतागून म्हणाल्या.

प्रिंटरचा जीव थाऱ्यावर राहीना. त्याने भिंतीवरच्या राउटरला विचारलं, "इथे पत्ते कोण देतं?"

"मीच देतो, आजोबा. पण मागावा लागतो, आणि तो मुदतीचा असतो."

"म्हणजे मुदत संपली की मला हाकलणार?"

"मुदतीच्या आत नुसतं 'मी आहे' म्हणा. तोच पुन्हा देईन."

प्रिंटर कितीतरी वेळ घुटमळला. अखेर त्याने पंचवीस सोडला आणि हळूच म्हणाला, "मला एक पत्ता दे, बाबा."

"एकेचाळीस चालेल?"

"चालेल."

शेवटचं हॉलतिकीट निघालं तेव्हा तो चांगलाच तापला होता. घरी जाताना मुळीकबाईंनी धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर आपला रुमाल पांघरला.