वैद्यबुवांनी बांधलेला उतार

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक नावाजलेले वैद्यबुवा होते. त्यांचा दवाखाना उंच जोत्यावर होता. रस्त्यापासून दारापर्यंत सतरा पायऱ्या. पंचक्रोशीतून माणसं येत. बुवा अभिमानाने सांगत, "माझ्या दारातून रोगी कधी तसाच परत गेला नाही."

एके सकाळी येसू कोष्टीण आली. तिचे पाय लहानपणापासून लुळे होते. चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी रेटा देत ती गावभर फिरे. पहिल्या पायरीशी थांबून तिने हाक मारली. बुवा लगबगीने खाली उतरले.

"बोला येसूबाई, काय होतंय?"

येसूने आजूबाजूला पाहिलं. पाणी भरणाऱ्या बायका, ओट्यावरची म्हातारी मंडळी, सगळे कान देऊन होते.

"माझं दुखणं चव्हाट्यावर सांगण्यासारखं नाही," ती हळूच म्हणाली.

"मग चौघांना बोलावतो. उचलून वर नेतील."

"चौघांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच, बुवा. आत्तापासून कशाला?" असं म्हणून तिने पाट वळवला.

बुवांच्या मनाला ते फार लागलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कोष्ट्यांच्या गजबजलेल्या आळीत येसूच्या हातमागापाशी जाऊन बसले.

"औषधातलं मला कळतं, यातलं कळत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

"पायऱ्यांशेजारी उतार करा," येसू म्हणाली.

भिवा पाथरवटाने आठ दिवसांत उतार घातला. पण निम्म्यावर येसूचे हात थकले आणि ती घसरत खाली आली. कोपर सोलवटलं. भिवा ओशाळला.

"फार उभा झाला. चढ कमी करायचा तर उतार पार बुवांच्या बागेतून न्यावा लागेल."

त्या बागेत बुवांनी वीस वर्षं जपलेली औषधी झाडं होती. त्यांनी क्षणभर अडुळशाकडे पाहिलं आणि कुदळ उचलली. रोपं मागच्या अंगणात लावली. बरीचशी जगली नाहीत.

नवा उतार लांबलचक झाला, कडेला धरायला लाकडी कठडा. येसू निघाली. भिवा मागून रेटा द्यायला सरसावला, तिने मानेनेच नको म्हटलं. चाकं कुरकुरत वर चढली आणि कोणाचाही हात न लागता येसू थेट दारात पोचली. खाली एकच जल्लोष झाला. ती आत गेली, बुवांनी दार लोटलं आणि कितीतरी महिने दडवलेलं दुखणं तिने पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. दीड महिन्यात ती खडखडीत बरी झाली.

हळूहळू त्या उतारावरून कठडा धरून आंधळे गुरव आले, मागोमाग गावची म्हातारी सुईण आली.

"इतके दिवस कुठे होता? मला वाटलं, तुमचे गुडघे बरे झाले," बुवा तिला म्हणाले.

सुईण हसली. "बरे कसले? पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून घरीच कण्हत होते."

त्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा उरली नाही. बुवांनी सुईणीला आपलं आसन दिलं आणि उभ्यानेच तिची नाडी पाहिली.

तात्पर्य एवढंच की, जे आपल्या दारी येत नाहीत त्यांना गरज नाही असं समजू नये. आपलं दार त्यांना अवघड आहे का, हे त्यांनाच जाऊन विचारावं.