बाणांची साक्ष

“लॅपटॉपनं स्वतः साक्ष दिली पाहिजे!” उदंडराव महाराज गरजले. “माणसाची साक्ष चालणार नाही. आणि हो, लॅपटॉप चालू करायचा नाही! सूर्य मावळायच्या आत हे जमलं नाही, तर हा म्हादू गाढवावर उलटा बसून राज्याबाहेर!”

हात बांधलेला म्हादू खाली मान घालून उभा होता. चूक त्याच्या जिभेची होती. रांजणपूरच्या कचेरीसाठी लॅपटॉप आणायचं काम त्याच्याकडे होतं. महाराजांचे मेहुणे रंगराव यांनी महाराजांसाठी सोनेरी रंगाचा, अतिभारी लॅपटॉप आणला होता. तसलेच सगळ्या कारकुनांना घ्या, असा त्यांचा हट्ट, कारण विकणारे तेच. म्हादूनं मात्र साधे, स्वस्तातले लॅपटॉप घेतले आणि उरलेल्या पैशात कचेरीचं गळकं छप्पर दुरुस्त केलं.

“राज्याची अब्रू घालवली यानं!” रंगराव भर दरबारात ओरडले.

तिथं म्हादूनं गप्प बसायला हवं होतं. पण त्याचं डोकं तापलं आणि तो बोलून गेला, “महाराजांच्या लॅपटॉपपेक्षा आमचा एक कळकट लॅपटॉप राज्याच्या जास्त कामाचा आहे!”

झालं! कुठला लॅपटॉप जास्त कामाचा, हे ठरवायला महाराजांनी लगेच ही साक्षीची अट घातली.

बातमी मुदपाकखान्यात गेली. तिथं म्हादूची थोरली बहीण ठकू भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनीच दरबारात आली.

“म्हाद्या, तोंडाला झाकण नाही का रे तुझ्या?”

“ताई, तू जा बघू घरी,” म्हादू पुटपुटला. आपण गाढवावर बसू, पण हिची जीभ सुटली तर शिक्षेला गाढवंही पुरायची नाहीत, ही त्याला धास्ती.

ठकूनं महाराजांना मुजरा केला. “महाराज, साक्ष मी काढते. चालू करायचा नाही म्हणालात. उघडायला तर बंदी नाही ना?”

“नाही.”

“आणि साक्षीदार बोलत असताना त्याला कुणी गप्प करायचं नाही. राजानंसुद्धा!”

“दिला शब्द!” महाराज मिशीत हसले. बंद लॅपटॉप बोलणार तरी काय?

दोन्ही लॅपटॉप चौरंगावर ठेवले. ठकूनं आधी कचेरीतला उघडला. बटणांवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली, मधल्या लांब बटणाला अंगठ्यानं खड्डा पडलेला, कोपऱ्यात खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू.

“हा म्हणतो, मी काही देखणा नाही. बॅटरी जरा वेळानं धापा टाकते, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. पण जन्मलेल्या पोरांची नावं, शेताच्या नोंदी, सगळं मीच लिहिलंय. अक्षरं उगीच नाही पुसली!”

“अहो, हलका माल आहे, म्हणून पुसली!” रंगराव फिसकन हसले. “आता हा बघ! वर्षभर महाराज सगळा राज्यकारभार याच्यावर करतात. आहे एक तरी अक्षर झिजलेलं?”

ठकूनं सोनेरी लॅपटॉप उघडला. झाकण एका बोटानं, लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं.

“वा! बनवणाऱ्यानं काम चोख केलंय, खोटं का बोलू? आणि रंगराव म्हणतात ते खरं. अक्षरं नवरीसारखी कोरी करकरीत!” मग ती वाकली. “पण महाराज, खालच्या कोपऱ्यातली ही चार बटणं पार गुळगुळीत झालीत. बाणांची. वर, खाली, डावा, उजवा.”

“हा म्हणतो, मला लिहिता-वाचता येत नाही. मला फक्त खेळातल्या माकडाला उड्या मारायला लावता येतं!”

आता सगळ्यांना उलगडा झाला. फिर्यादी रडत असताना महाराज कपाळाला आठ्या घालून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसायचे. लोकांना वाटायचं, कायद्याचा कीस पाडताहेत!

“शिरच्छेद करा हिचा!” रंगराव किंचाळले.

म्हादूनं डोळे गच्च मिटले. देवा, मला गाढव दे, पण हिला काही होऊ देऊ नको!

महाराजांचे कान लाल झाले होते. ते पुढं वाकून दबक्या आवाजात म्हणाले, “ठकू, एवढं कळलं, तर हेही सांग. मी जिंकतो की हरतो?”

“उजव्या बाणावर नखाचे ओरखडे आहेत, महाराज. जिंकणारा माणूस बटणाला ओरबाडत नाही!”

महाराज असे हसले, की फेटा घरंगळून मांडीवर आला!

“ती मेली मगर! रोज तिच्याच तोंडात जातो मी! ठकू, आता या सोनेरी लॅपटॉपचं काय करू?”

“कालव्याचे नकाशे काढणाऱ्या गोदाक्काला द्या. तिच्याकडचा स्वस्तातला लॅपटॉप दर चार रेघांमागे झोपी जातो. तिला असाच दमदार लागतो.”

“दिला! रंगराव, डोक्यावर घेऊन पोचवा तिच्याकडे! पण मग माझं माकड?”

“कचेरीतला कुठलाही घ्या, महाराज. त्यांची बाणांची बटणं एकदम नवी आहेत. तिथं खेळायला वेळ कुणाला आहे!”

आता पहारेकरीसुद्धा भाले टेकून हसू लागले. महाराजांनी डोळे पुसले. “माग, काय हवं ते माग!”

ठकूनं पिठाचं बोट म्हादूकडे केलं. “तो बांधून ठेवलेला द्या. माल हलकाच आहे, डोकं तर फारच लवकर तापतं. पण दुसरा मिळत नाही, महाराज!”

महाराजांनी हसत हसत स्वतःच्या हातानं म्हादूच्या गाठी सोडल्या आणि हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या पिठाळलेल्या मनगटात चढवलं.