पाकोळीपुरती वाट

या गोष्टीला फार फार वर्षं झाली. समुद्रापलीकडच्या एका देशात, बुटक्या डोंगरांच्या उतारावर, एक मोठी शेतवाडी होती. बारा घरं, पाव भाजायची एक भट्टी, तेलाचा एक घाणा, आणि नजर जाईल तिथवर ऑलिव्हची झाडं.

वाडीचं वर्ष ठरल्या वाटेने चाले. उन्हाळ्यात गव्हाची मळणी, मग द्राक्षं तुडवायची, आणि थंडी पडू लागली की ऑलिव्ह उतरवून घाण्यावर न्यायचे. पहिलं तेल निघालं की अंगणात लांबलचक मेज मांडत. भाजलेल्या पावावर लसूण घासायचा, वर हिरवंगार तेल ओतायचं, आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. त्याआधी प्रत्येक घराने आपल्या तेलाची एक पळी मधल्या रांजणात घालायची. ते तेल वर्षभर आजाऱ्याला आणि बाळंतिणीला पुरे.

मुलांनो, त्या वाडीची आणखी एक रीत होती, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. थंडी सरता सरता झाडांची छाटणी होई, पण आपल्या झाडाला आपण कात्री लावायची नाही. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने लावायची. आणि झाड किती मोकळं करायचं? तर पाकोळीला पंख न घासता आरपार जाता येईल इतकं.

त्या वाडीत एक छाटणकर राहत होता. वयाने पन्नाशीचा, एकटा. बायको वारली होती आणि मुलगी दोन डोंगर पलीकडे सासरी नांदत होती. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. झाडाभोवती तो एकदा फिरे, आणि कुठली फांदी फळणार, कुठली नुसती जागा अडवणार, हे त्याला कळे. बांधापलीकडे एक मेंढपाळीण राहायची. तिची झाडं तो छाटायचा आणि त्याची झाडं ती. ती संथपणे, गुणगुणत छाटायची. तिचं काम बघताना त्याचा जीव खालीवर होई.

एका वर्षी तिने त्याच्या दारातल्या झाडाची एक जाड फांदी कापली. लहानपणी त्याच्या मुलीचा झोका त्याच फांदीला असायचा.

छाटणकर दुपारभर त्या पांढऱ्या कापाकडे बघत बसला. संध्याकाळी तो वाडीच्या वृद्ध मालकिणीकडे गेला आणि म्हणाला, यापुढे माझी झाडं मीच छाटणार. मला जे येतं ते दुसऱ्याकडून बिघडवून का घेऊ?

मालकीणबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "रिवाजाला काही कुलूप नसतं," त्या म्हणाल्या. "करून बघ."

पुढची छाटणी आली. मेंढपाळणीची झाडं त्याने नेहमीसारखी झरझर मोकळी केली आणि मग स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला. पहिली फांदी धरली, तर ती वडिलांनी बांधलेल्या कलमाची. दुसरी धरली, तर तिने गेल्या साली दोन टोपल्या दिल्या होत्या. तिसरीच्या सावलीत बायको चीज टांगायची. त्याने चार बारीक काटक्या उडवल्या आणि कात्री पुसून ठेवली.

त्या वर्षी त्याला रग्गड पीक आलं. इतकं की पंगतीत त्याने पळी काठोकाठ भरून रांजणात ओतली, आणि मेंढपाळणीकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. तीही हसली. ती मनात काही ठेवणारी बाई नव्हती.

दुसऱ्या वर्षीही त्याने मेंढपाळणीची झाडं तेवढी नीट छाटली, आणि त्याची आपली झाडं फुगली. पानं एवढी दाटली की येणारे-जाणारे थांबून बघत. एकदा मेंढपाळीण बांधावरून म्हणाली, "भाऊ, माझी एक मेंढी हरवलीय. तुमच्या झाडात शिरली असेल तर तिला जेवू घाला हो." सगळे खदखदून हसले. छाटणकर हसला नाही.

वसंतात पाकोळ्या परतल्या. एक दरवर्षी त्याच्याच वळचणीला घरटं बांधायची. ती दारातल्या झाडाभोवती तीनदा घिरट्या घालून छपराच्या कडेला बसली.

"आत का जात नाहीस?" छाटणकराने विचारलं.

"दार कुठंय?" पाकोळी म्हणाली.

त्याला राग आला. पाखराला झाडातलं काय कळतं, असं पुटपुटत तो आत गेला. त्या साली पीक बेताचंच आलं, आणि त्याने पावसाला दोष दिला.

तिसऱ्या वर्षी मळणीच्या दिवसांत मुलीचा निरोप आला. तिला मुलगी झाली होती, आणि पहिल्या तेलाच्या दिवशी ती बाळाला घेऊन येणार होती. आता त्या मुलखात एक प्रथा होती. लेकीच्या बाळाच्या ओठाला पहिला तेलाचा थेंब लावायचा तो आजोबाने, आणि तोही माहेरच्या झाडांचा. छाटणकराने त्या दिवसासाठी एक छोटी मातीची कुपी आणून खिडकीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ तो तिच्यावरची धूळ पुसायचा.

ऑलिव्ह उतरवायची वेळ आली. तो शिडी लावून झाडात शिरला, आणि तिथंच थांबला. आत ऊन नव्हतं, वारा नव्हता. फांद्यांवर काळी काजळी धरली होती. फळं होती ती वरच्या टोकांना, हरभऱ्याएवढी, बरीचशी किडलेली. सगळी झाडं पालथी घातली तेव्हा कुठे एक टोपली भरली. घाण्यावर तिचा नुसता गढूळ चोथा निघाला. कुपी कोरडीच राहिली.

पंगतीच्या दिवशी मुलगी आली. मेज मांडलं होतं. एकेक घर उठून पळी ओतत होतं. छाटणकराचं नाव घेतलं गेलं तेव्हा तो रिकामी कुपी हातात घेऊन उभा राहिला आणि पावाच्या टोपल्यांकडे बघत राहिला. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

मेंढपाळीण उठली. तिने त्याच्या हातातून रिकामी कुपी घेतली, आपल्या मडक्यातलं तेल तिच्यात ओतलं आणि कुपी परत त्याच्या हातावर ठेवली.

"हे माझ्या झाडांचं नाही," तो हळूच म्हणाला.

"झाडं माझी, पण हात तुमचा," ती म्हणाली. "बाहेरून बघायला तुम्हाला छान जमतं, भाऊ. आतून कुणालाच जमत नाही. मला तरी कुठं जमतं?"

छाटणकराने बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठाला लावलं. बाळाने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. सगळी पंगत हसली. छाटणकरही हसला, आणि बाहीने डोळे पुसले.

थंडी सरली तेव्हा त्याने आपली कात्री धार लावून मेंढपाळणीला नेऊन दिली. ती गुणगुणत छाटू लागली आणि तो खाली उभा राहून फांद्या गोळा करू लागला. एकदाच त्याला राहवलं नाही. "ती वाकडी तेवढी काढून टाका," तो म्हणाला. तिने वर बघितलं आणि मान हलवली. "राहू दे. हिच्यात जीव आहे."

त्या वसंतात पाकोळी आली, छपरावरून सुटली, झाडात शिरली आणि पंख न घासता पलीकडे निघून गेली.

फळ धरायला दोन वर्षं गेली. तोवर नात पायाने चालत पंगतीला येऊ लागली होती, आणि पाव हातात धरून आजोबांच्या तेलासाठी भांडत होती. त्या साली सगळ्यात जास्त फळ लागलं ते वाकड्या फांदीला.

आपल्या झाडातली अडगळ आपल्याला दिसत नाही, म्हणून कात्री शेजाऱ्याच्या हाती द्यायला शिकावं.