शेवटच्या ओळीतलं नाव

"शेवटचा शब्द का गिळलात?"

काचेपलीकडून सिग्रिडनं विचारलं, तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये. ती रेकॉर्डिंगवाली.

अत्ताहेरनं कानावरचे हेडफोन सारखे केले.

तुआरेग गवयी, सहाराच्या वाळूतला. तिघा साथीदारांना घेऊन अल्बम करायला स्वीडनच्या बर्फात आलेला. आज स्टुडिओचा शेवटचा दिवस, आणि हे शेवटचं गाणं.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

पुन्हा घेतलं. गिटार नीट. मागच्या दोघांच्या टाळ्या नीट. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं: घर लांब राहिलं, म्हणतो इनामूद.

"...म्हणतो," इथं अत्ताहेर थांबला.

मोख्तार हसला. हा शिष्य. बावीस वर्षांचा. गिटारवर आपली बोटं गुरूपेक्षा जलद चालतात याची पक्की खात्री. इनामूद त्याचा थोरला भाऊ. दीड वर्षापूर्वी ट्रक घेऊन सरहद्दीपलीकडे गेला, तो अजून यायचाय.

"उस्ताद, थंडीनं जीभ गोठली? की आपल्या अल्बमवर दुसऱ्याचं नाव नको?"

अत्ताहेरनं माईक थोडा वर सरकवला.

"शंभरदा गायलात हे. कालसुद्धा शेवटपर्यंत गायलात, टाळी चुकली म्हणून फुकट गेलं. काल नाव घेतलंत, आणि आज..."

मोख्तारचं हसू तिथंच थांबलं.

त्यांच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत.

सकाळी फोन आला होता. अत्ताहेरनं तो बाहेर बर्फात उभं राहून घेतला, आत आला आणि म्हणाला, तारा लावा. मोठी माणसं अशीच. खबर दाबून ठेवायची आणि वर त्याला धीर म्हणायचं.

"सकाळी फोन कुणाचा होता?"

"घरून, छावणीतून."

"आईचा?"

अत्ताहेरनं मान खाली घातली.

"नाव घ्या."

"मोख्तार..."

"माझं नाही, त्याचं! काल घेतलंत तसं. खोटं घ्या, उस्ताद. चालेल मला. एकदाच खोटं घ्या."

अत्ताहेरनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. तुआरेग पुरुष धाकट्यांसमोर तोंड उघडं टाकत नाही. बारा वर्षांत मोख्तारनं गुरूचे ओठ पाहिले नव्हते. आता पाहिले. ते हलत होते... आवाज येत नव्हता.

सिग्रिडला त्यांची भाषा कळत नव्हती. तिनं काचेवर टकटक केली.

"तेवढा एक शब्द कालच्या रेकॉर्डिंगमधून कापून लावू का?"

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

मोख्तारनं बाहीनं नाक पुसलं.

"सकाळीच सांगायला हवं होतंत. पण तुम्हाला अल्बम पुरा करायचा होता."

"हो. तोही करायचा होता."

"लाज नाही वाटली?"

"वाटते."

अत्ताहेर उठला. जुन्या गुडघ्यांमुळं त्याला वेळ लागला. माईक खाली ओढून त्यानं मोख्तारच्या तोंडासमोर आणला.

"नावासकट गा," तो म्हणाला. "मी तुला अजून काही सांगितलेलं नाही."